लिनक्सच्या हॉटस्पॉटला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचा सिग्नल वेगळा कसा पाहायचा?

तुमच्या लिनक्स लॅपटॉपवर हॉटस्पॉट सुरू आहे, त्यावर चार उपकरणं आहेत आणि एक फोन सारखा तुटतो. वरच्या पट्टीतल्या चिन्हावरून यातलं काहीच कळणार नाही. त्यासाठी 'आयडब्ल्यू' (iw) हे टर्मिनलमधलं साधन वापरा.

आधी 'आयडब्ल्यू डेव्ह' (iw dev) चालवून वायफाय इंटरफेसचं नाव बघा. ज्याच्यापुढे टाइप म्हणून 'एपी' (AP, म्हणजे ॲक्सेस पॉइंट) लिहिलंय तो तुमच्या हॉटस्पॉटचा. मग त्याच कमांडपुढे ते नाव आणि 'स्टेशन डंप' (station dump) जोडा. प्रत्येक उपकरणाचा मॅक पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा ओळखक्रमांक) आणि त्याखाली त्याची माहिती येते. कमांडच्या सुरुवातीला 'वॉच' (watch) लावलंत की दर २ सेकंदांनी आकडे ताजे होतात. हल्लीचे फोन खरा मॅक पत्ता लपवून बनावट पत्ता देतात, त्यामुळे कोणता पत्ता कुणाचा हे फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जुळवून घ्या.

आता वाचायचं काय? 'सिग्नल' म्हणजे त्या उपकरणाकडून शेवटची आलेली फ्रेम (वायफायवरून येणारा माहितीचा तुकडा) किती जोरात ऐकू आली, ते. म्हणून मी आधी 'इनॅक्टिव्ह टाइम', म्हणजे उपकरण किती वेळ गप्प आहे, ते बघतो. तो मिलिसेकंदांत असतो. ३०,००० दिसला तर सिग्नलचा आकडा अर्ध्या मिनिटापूर्वीचा, शिळा आहे. फोनवर व्हिडिओ लावा आणि मगच 'सिग्नल ॲव्हरेज' वाचा. आकडा डीबीएम या सिग्नलशक्तीच्या एककात असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला: −६० डीबीएमच्या आसपास उत्तम, −६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, −८० च्या खाली जोडणी तुटायला लागते. दर १० डीबी घसरणीला शक्ती दहापटीने कमी होते, त्यामुळे −७० आणि −८० मधला फरक किरकोळ समजू नका. कंसातले आकडे लॅपटॉपच्या एकेका अँटेनाचे असतात. सगळ्याच उपकरणांसाठी एक अँटेना १५ डीबीने मागे असेल, तर तिची पिन सैल झालीय का ते तपासा.

पण नुसत्या सिग्नलवर निदान करू नका. 'टीएक्स रिट्राइज' (लॅपटॉपला पुन्हा पाठवावं लागलं ते) आणि 'टीएक्स फेल्ड' (पाठवणं फसलं ते) हे जोडणी झाल्यापासूनचे एकूण आकडे असतात. मिनिटभराच्या अंतराने दोनदा वाचून वजाबाकी करा. सिग्नल −५५ असूनही रिट्राइज भराभर वाढत असतील तर फोन लांब नाही, बहुधा चॅनेलवर गर्दी आहे. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनेल घ्या, किंवा सरळ ५ गिगाहर्ट्झवर जा.

फोनवर सगळ्या दांड्या भरलेल्या दिसल्या तरी त्यावर जाऊ नका. त्या दांड्या लॅपटॉपचा आवाज फोनला किती ऐकू येतो ते सांगतात, स्टेशन डंप याच्या उलट बाजूचं. फोनची प्रक्षेपणशक्ती अनेकदा कमी असते, त्यामुळे त्याला सगळं स्वच्छ ऐकू येत असताना त्याचं उत्तर मात्र लॅपटॉपपर्यंत जेमतेम पोचतं.

जोडलेल्यांत विंडोजचा संगणक असेल तर त्यावर सिग्नल टक्क्यांत दिसतो: ० म्हणजे −१००, १०० म्हणजे −५० डीबीएम, मधलं सरळ प्रमाणात. म्हणजे ६० टक्के हे −७० झाले.