बाजारपेठेतली खानावळ, पर्मिट रूम आणि आता घरची बिअर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेंगुर्ल्याच्या बाजारात आजोबांच्या काळापासूनचं हॉटेल आहे, वडिलांनी त्याला पर्मिट रूम जोडली आणि आता मुलगा म्हणतोय, बिअर आपणच बनवू, ब्रूपब काढू. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात भर बाजारात एका कुटुंबाने चालवलेल्या अशा जागेचा इतिहास वाचून त्याच्या डोक्यात हे बसलंय. कोकणात हे जमेल का, आणि त्याला काय सांगू, असं तुम्ही विचारलंय.

मी मालवणच्या बाजारपेठेतल्या अशाच एका घरात 1991 साली सून म्हणून आले. तेव्हापासून गल्ला, मसाला आणि लायसनची रजिस्टरं माझ्याकडे आहेत. पुतण्याच्या हट्टापायी 2018 साली आम्ही हेच गणित मांडलं होतं. म्हणून जरा लांब लिहिते, कंटाळू नका.

आधी इतिहास. आजेसासऱ्यांची खानावळ आगबोटीच्या भरवशावर उभी राहिली. मुंबईची बोट खडकांमुळे किनाऱ्याला लागायची नाही, बाहेर उभी राहायची आणि माणसं होडीतून उतरायची. रात्रभर लाटांनी घुसळून निघालेलं ते गिऱ्हाईक. त्याला आधी गरम पाणी, मग पेज, आणि पोट ठिकाणावर आलं की बांगड्याचं तिखलं आणि भात. पावसाळ्यात बोट बंद, की खानावळीत चार वकील-कारकून आणि कोर्टाच्या तारखेला आलेले पक्षकार. आजेसासूबाईंच्या हिशेबात वर्ष आठ महिन्यांचंच असे. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

तुमच्या मुलाला ऐकून गंमत वाटेल, पण ब्रूपब आमच्या शेजारी तेव्हाच होता. पलीकडच्या खोलीत माडीचं दुकान होतं, एका भंडारी कुटुंबाचं. पहाटे माडावरून उतरवलेली माडी सकाळी गोड, दुपारी आंबूस आणि संध्याकाळी डोक्यात जाणारी. यीस्ट वगैरे कोणी घालत नाही, ते हवेतून आणि मडक्यातूनच येतं. बनते तिथेच आणि त्याच दिवशी प्यायची, दूर न्यायची सोय नाही. आज ज्याला ताजी, न गाळलेली बिअर म्हणून मोठा भाव घेतात, त्याची तत्त्वं याहून वेगळी नाहीत. आजेसासूबाई सकाळची माडी मागून आणायच्या ती पिठात घालायला. तांदळाचं पीठ त्या माडीने असं फुगायचं की सोड्याची गरज नाही.

या धंद्यावर सरकारचा हातही तेव्हापासूनचा. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने माड चिरायलाच कर बसवला आणि लायसन असल्याशिवाय माडी विकायची सोय राहिली नाही. भंडाऱ्यांच्या पिढीजात धंद्याचं कंबरडं तिथेच वाकलं. पुढे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला, 1950 च्या एप्रिलपासून राज्यभर पूर्ण दारूबंदी लागू झाली आणि शेजारची ती खोली बंद पडली. काही दिवसांनी तिथे शिंप्याचं दुकान आलं. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता आणि काय काय कुठल्या वाटेने यायचं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. आमच्या मागच्या दाराबद्दल विचारलं की आजेसासूबाई सुक्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) भावाकडे वळायच्या, त्यामुळे मीही तिथेच थांबते.

आमची खानावळ मात्र त्या वर्षी एक दिवसही बंद राहिली नाही. आजेसासरे म्हणायचे, "गिराईक जेवूक येता. पिवाक काय, ता खंयय जायत." घरात हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की मला चीड येते, पण हिशेबाला बसले की तेच खरं ठरतं.

साठच्या दशकात दारूबंदी सैल झाली, पण उठली नाही. पिणाऱ्याकडे परवाना हवा आणि परवानेवाल्याने बसून प्यायची जागा ती पर्मिट रूम, हे नाव तिथून आलं. आजही कायद्याचं नाव दारूबंदीचंच आहे आणि एका दिवसाच्या परवान्याचं पुस्तक आमच्या गल्ल्यात पडलेलं असतं. तुमचा मुलगा उद्या बिअर बनवेल तीही दारूबंदी कायद्याखाली, 1966 च्या बिअर आणि वाइन निर्मिती नियमांनुसार. याची त्याला कल्पना आहे का विचारा.

सासऱ्यांनी सत्तरच्या दशकात पर्मिट रूम केली. मध्ये पार्टिशन टाकलं आणि दुसरं दार गल्लीत काढलं. बायकामुलं घेऊन जेवायला येणाऱ्याला आतला आवाज आणि वास जाऊ नये एवढीच त्यामागची अक्कल, पण आमचं नाव टिकलं ते त्या पार्टिशनमुळे. कमाई बरी होती. मग 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्याकडच्या घराघरातून माणसं गिरणीत. मनीऑर्डरी थांबल्या, माणसं गावी परतली आणि पर्मिट रूम भरलेली दिसू लागली ती उधारीवर. सासऱ्यांची त्या दोन वर्षांची उधारीची वही मी पाहिलीय. निम्म्या नावांपुढे काहीच जमा नाही. त्यांनी ती फाडली नाही आणि वसुलीलाही गेले नाहीत. त्या दिवसांत घर चाललं राईस प्लेटवर.

आता एक योगायोग सांगते, मुलाला आवडेल. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. ती उठली तरी बनवणारा आणि पाजणारा वेगळा हवा असे नियम राहिले, म्हणून आपली बिअर आपल्याच टेबलावर देणारं हॉटेल तिथे कितीतरी वर्षं नव्हतंच. तसं पहिलं निघालं ते 1982 साली, वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावात, बर्ट ग्रँट नावाच्या माणसाचं. म्हणजे आमच्या संपाचंच वर्ष! पुढे 1988 साली डेन्व्हरच्या जुन्या, ओस पडलेल्या गोदामांच्या भागात नोकरी गेलेल्या एका भूगर्भशास्त्रज्ञाने भागीदारांसह विनकूप नावाचा ब्रूपब काढला. तो जॉन हिकनलूपर नंतर शहराचा महापौर आणि राज्याचा गव्हर्नर झाला. मुलं वाचतात त्या गोष्टी अशा असतात. त्यात एक बारीक गोष्ट निसटते: त्या भागात तेव्हा जागा फार स्वस्त होती आणि शहर बाराही महिने तिथेच राहणारं होतं. महाराष्ट्रात 2009 साली डूलाली नावाच्या ब्रूपबने सुरुवात केली तीही पुण्यात, जिथे पावसाळ्यातही शनिवार संध्याकाळ असते.

आमचं 2018 चं गणित आता. पुतण्या पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट करून आलेला, उत्साही पोरगा. त्याने 500 लिटरच्या यंत्राचा भाव काढला. एका घाण्याला साधारण 100 किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, लागतं. ते भरडून 65-67 अंशाच्या पाण्यात तासभर ठेवायचं, रस गाळून हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) घालून उकळायचा, थंड करून यीस्ट घालायचं. गव्हाची बिअर 18-20 अंशाला आठवडाभर आंबते, आणखी एखादा आठवडा मुरते. यात शिकण्यासारखं काही अवघड नाही, मी बघून आले. लोणचं घालणाऱ्या बाईला स्वच्छता शिकवायला लागत नाही.

अडचणी निघाल्या त्या आपल्या गावच्या. छोट्या भट्टीत एक लिटर बिअरला धुण्या-पुसण्यासकट सहा ते आठ लिटर पाणी जातं. म्हणजे एका घाण्याला तीन-चार हजार लिटर, आणि नेमक्या मे महिन्यात, जेव्हा गिऱ्हाईक सर्वात जास्त, तेव्हा आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. चिलर चोवीस तास चालला पाहिजे. लाइट गेली आणि टाकी 30 अंशावर चढली की बिअरला केळ्याचा नाही तर नेलपॉलिशचा वास येतो. आम्ही ते काढलं नाही म्हणून 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं तेव्हा सुटलो. खांब आडवे झाले आणि कित्येक दिवस वीज नव्हती. फ्रीजरमधली सुरमई शेजाऱ्यांना वाटता आली, दोन हजार लिटर बिअर कोणाला वाटणार? माल्टचंही तसंच. पावसाळ्यात आमच्याकडे मिठाचं पाणी होतं, तिथे ती पोती कोरडी ठेवायची तर बंद एसी खोली हवी.

सगळ्यात मोठी गोष्ट कॅलेंडर. 500 लिटरमधून नासधूस वजा जाता 330 मिलीचे साडेतेराशे ग्लास निघतात. मे महिन्यात किंवा नाताळात आमच्या बाजारात रोज दीडशे ग्लास खपतील, म्हणजे नऊ दिवसांत टाकी रिकामी, कमी पडेल. आता जून घ्या. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. पर्यटक नाही, ताजा मासा नाही. मग श्रावण, निम्मं गाव दारूला शिवत नाही. मग गणपती, चाकरमानी येतात पण घरात शिवराक (शाकाहारी). या दिवसांत रोज दहा ग्लास धरले तर तीच टाकी साडेचार महिने पुरते, आणि ताजी बिअर महिना-दीड महिन्यानंतर द्यायच्या लायकीची राहत नाही. बाटलीबंद असती तर कपाटात राहिली असती. ब्रू करणाऱ्या माणसाला पगार मात्र बारा महिने. आणि वर गोवा! सीमेवरच्या बांद्याच्या पलीकडे बिअर कितीला मिळते हे टेबलावरच्या प्रत्येकाला पाठ असतं, मग तो तुमच्या ग्लासाचा भाव बघून भुवया उडवणारच.

पुतण्याचं म्हणणं होतं की कोकमाची बिअर काढू, ती गोव्यात नाही. कोकम चालतं, आंबट बिअरला बरंही लागतं. मी त्याला एवढंच म्हटलं की तळलेल्या मांदेलीबरोबर गव्हाची बिअर चांगली लागते हे मान्य, पण तिखल्याबरोबर सोलकढीची जागा घेणारं काही दाखव. त्याने दाखवलं नाही. तो हसला आणि आम्ही कागद गुंडाळले.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत आणि जे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते. तुमच्या पर्मिट रूमचं लायसन कोणाच्या नावावर आहे? आमचं सासऱ्यांच्या नावावर होतं. ते गेले आणि कळलं की वारस पाच: सासूबाई, माझे यजमान, धाकटे दीर आणि दोन नणंदा. एक बोरिवलीला, एक दुबईला. संमतीपत्रं, वारस नोंद, भागीदारीचा कागद, सगळं नव्याने. भांडण कोणाचंच नव्हतं, पण थोरल्या नणंदेच्या मनात एक जुनी गोष्ट होती आणि ती सही करायला सात महिने आली नाही. तितके दिवस पार्टिशनच्या पलीकडे अंधार. नोकरनाम्यावर (पर्मिट रूमच्या नोंदलेल्या नोकरांच्या यादीवर) नाव असलेले दोघे वेटर, वीस वर्षांचे, एक कणकवलीला गेला, एक घरी बसला. खानावळ चालू होती म्हणून आम्ही चालू होतो.

2017 लाही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1 एप्रिलपासून महामार्गालगतची दारूविक्री बंद झाली. मोठ्या गावांना 500 मीटर, वीस हजारांहून कमी वस्तीला 220. आमच्या बाजारातून जाणारा रस्ता राज्यमार्गात मोडतो की नाही यावर टेप घेऊन माणसं उभी. नगरपालिका हद्दीला ते लागू नाही असा खुलासा जुलैत आला, पण शटर उघडेपर्यंत ऐन मे महिना हातचा गेला होता. 2020 च्या टाळेबंदीत पुण्याच्या ब्रुअरीवाल्यांनी ताजी बिअर गटारात ओतली. आमच्या बाटल्या कपाटात होत्या, कपाटातच राहिल्या.

म्हणून माझं मत असं. लगेच भट्टी नको. आधी लायसन आणि जागा, दोन्हीचे वारस कागदावर आणा. ब्रूपबला निर्मितीचं लायसन वेगळं लागतं, शाळा-देवळापासूनचं अंतर पुन्हा मोजलं जातं आणि जुन्या बाजारपेठेत देऊळ नाही अशी गल्ली नसते. फी दरवर्षी बदलते, ती जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क कार्यालयातूनच घ्या, दलालाकडून नको. मुलगा तरीही ठाम असेल तर यंत्र हॉटेलच्या कर्जात घेऊ नका. वेगळी भागीदारी, वेगळं खातं, वेगळी जागा. स्वयंपाकघर तारण ठेवायचं नाही.

आणि त्याला नाही म्हणू नका. आम्ही पुतण्याला जरा फटकन नाही म्हटलं, तो आता पणजीत दुसऱ्याच्या ब्रुअरीत काम करतो आणि चांगलं करतो. त्याऐवजी मुलाला येत्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत तुमच्या गल्ल्यावर बसवा. रोज किती ताटं गेली, त्यातल्या किती जणांनी बिअर घेतली आणि त्यातले किती जण दुप्पट भाव देतील, एवढं वहीत लिहायला लावा. तुलनेला आमच्या 2018 च्या पावसाळ्याची वही आहे, फोटो काढून पाठवते. अक्षर माझं आहे, वाचायला थोडा त्रास होईल.