वाचकांचे प्रश्न : पावासोबत आलेली बेसबॉल कार्डं

पिट्सबर्गजवळच्या एका जुन्या घराच्या विक्रीत आम्हाला ‘टिप-टॉप ब्रेड’ असं छापलेली काही कार्डं मिळाली. काही रंगीत चित्रांची आहेत, काही काळ्या-पांढऱ्या फोटोंची, आणि एक नुसतंच पातळ चौकोनी लेबल आहे. ही सगळी एकाच संचातली आहेत का?

नाही. नाव एकच असलं तरी हे तीन वेगळ्या काळातले तीन वेगळे संच आहेत. ते मिसळू देऊ नका, आजच तीन पाकिटं करा.

रंगीत चित्रांची कार्डं १९१० ची असणार. वॉर्ड-मॅकी कंपनीच्या टिप-टॉप पावाबरोबर ती मिळत. संच २५ कार्डांचा आणि सगळी माणसं पिट्सबर्ग पायरेट्सची, कारण या संघाने १९०९ ची वर्ल्ड सिरीज डेट्रॉईटला सात सामन्यांत हरवून जिंकली होती. या संघाचा गाजलेला खेळाडू होनस वॅग्नर याच संचात आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोंची कार्डं १९४७ ची. हा संच १६३ कार्डांचा, आणि कार्डांवर क्रमांक नाहीत. पाव ज्या शहरात विकला जाई तिथल्या संघाची कार्डं तिथे वाटली जात, म्हणून काही संघ सहज सापडतात आणि काहींसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. चौकोनी लेबल १९५२ चं असावं. पावाच्या मेणकागदी वेष्टणाचं टोक बंद करायला ते चिकटवत. त्या संचात ४८ लेबलं आहेत आणि फिल रिझुटो हा खेळाडू दोनदा येतो, तेव्हा दुसरा रिझुटो दिसला की जादा प्रत समजून देऊन टाकू नका.

विक्रेत्यांच्या याद्यांत यांना अनुक्रमे डी-३२२, डी-३२३ आणि डी-२९० असे क्रमांक दिसतील. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूसचे जेफरसन बर्डिक यांनी अमेरिकन कार्डांची जी सूची केली, तिच्यातले हे क्रमांक. त्यांच्या पद्धतीत ‘टी’ म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, ‘ई’ म्हणजे सुरुवातीच्या काळातली गोळ्या-चघळगमाची आणि ‘डी’ म्हणजे बेकरीची. तीन लाखांहून अधिक कागदांचा त्यांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे आहे. कार्ड कुठल्या पावाचं हे ठाऊक नसेल, तर आधी पाठ वाचा, मग लांबी-रुंदी मोजा, आणि खेळाडूचा चेहरा सगळ्यात शेवटी बघा. एकच चित्र गोळ्यांच्या कार्डावरही सापडतं आणि पावाच्याही. जनरल बेकिंगचा १९१४ चा डी-३०३ आणि अमेरिकन कॅरॅमलचा ई-१०६ यांची चित्रं सारखीच आहेत. फरक कळतो तो पाठीवरूनच.

१९१६ चं एक कार्ड विकायला आलं आहे. पाठीवर एका बिस्किट कंपनीचं नाव आहे. तीच छायाचित्रं असलेली कोऱ्या पाठीची कार्डं बरीच स्वस्त मिळतात. नाव नंतर छापलं असेल अशी शंका येते. ओळखायचं कसं?

शंका अगदी रास्त आहे. शिकागोच्या फेलिक्स मेंडेलसन यांनी २०० कार्डांचा हा संच छापला आणि ज्याला जाहिरात करायची त्याला विकला. पाठ हवी तर कोरी, हवी तर गिऱ्हाइकाच्या जाहिरातीची. घेणाऱ्यांत स्टँडर्ड बिस्किट, मोरहाउस बेकिंग, न्यू ऑर्लिन्सची वाइल बेकिंग अशा बेकऱ्या होत्या, शिवाय कापडाची दुकानं आणि वर्तमानपत्रंही होती. बॉस्टनकडून गोलंदाजी करणारा तरुण बेब रूथ यात १५१ व्या क्रमांकावर आहे. दुर्मीळ बेकरीचं नाव पाठीवर असलं की किंमत बरीच चढते, आणि कोऱ्या पाठीवर दोन ओळी छापणं फसवणाऱ्याला अवघड नसतं.

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि दिव्याचा प्रकाश कडेने, जवळजवळ आडवा पाडा. जिथे घडी किंवा सुरकुती अक्षरावरून जाते तिथे नजर रोखा. छपाई जुनी आणि घडी नंतरची असेल, तर घडीच्या टोकावर शाई तुटून आतला पांढरा धागा दिसतो. घडी आधीची आणि छपाई नंतरची असेल, तर शाई घडीच्या खळग्यात उतरलेली दिसते, कधी कडेला किंचित फुटलेलीही. हीच गोष्ट डागांची. मळ शाईवर बसलेला असायला हवा. शाई मळावर बसली असेल तर कार्ड परत करा. अक्षराची कडही बघा. घरगुती शाईफवारणी (इंकजेट) छपाईयंत्रावर काढलेल्या अक्षराभोवती बारीक तुषार दिसतात, १९१६ च्या छपाईत ते दिसणार नाहीत. पाठीवर एकही घडी वा डाग नसेल, तर तुलनेसाठी त्याच बेकरीचं खात्रीचं दुसरं कार्ड शेजारी ठेवल्याशिवाय निर्णय देऊ नका.

कागद जुना की नवा हे जांभळ्या दिव्याने कळतं म्हणतात. ते खरं का?

अर्धं खरं. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चकाकीची रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत सर्रास आली. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर-पांढरा झळाळतो. म्हणून १९१० चं किंवा १९१६ चं कार्ड झळाळलं तर ती नवी नक्कल समजा. १९४७ च्या कार्डांतही झळाळी संशयास्पदच, मग ते टिप-टॉपचं असो की बाँड ब्रेड या पावाच्या कंपनीने जॅकी रॉबिन्सन या खेळाडूवर काढलेल्या १३ कार्डांच्या संचातलं.

मात्र झळाळी नाही म्हणजे कार्ड अस्सल, असं उलट म्हणता येत नाही. जुन्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर केलेली नक्कल दिव्याखाली मुकाट राहते. दुसरं, साबणाच्या पाण्याने कोणी कार्ड पुसलं असेल तर अस्सल जुना कागदही ठिपक्या-ठिपक्यांनी झळाळतो. आणि १९७० च्या दशकातल्या कार्डांना ही चाचणी लावूच नका, तेव्हाचा कागद मुळातच झळाळणारा असू शकतो. दिवा ३६५ नॅनोमीटरचा घ्या. ३९५ चा स्वस्त दिवा स्वतःच इतका जांभळा उजेड टाकतो की फरक झाकला जातो. दिव्यात थेट बघू नका.

आमच्याकडे होस्टेस केकच्या डब्याच्या तळाची तीन कार्डांची अखंड पट्टी आहे. अल्बममध्ये बसावी म्हणून कापावी का? शिवाय काही सुट्या कार्डांवर तेलकट डाग आहेत.

कापू नका. १९७५ ते १९७९ या पाच वर्षांत होस्टेसने दरवर्षी १५० कार्डं काढली, डब्याच्या तळाशी तीन-तीन. कार्ड सव्वादोन बाय सव्वातीन इंच, तेव्हा मधल्या मोकळ्या जागा धरून पट्टी अंदाजे सव्वासात इंच लांब भरते. मुलांनी कात्रीने ती वाकडीतिकडी कापली, म्हणून अखंड पट्टीला तीन सुट्या कार्डांपेक्षा जास्त मान आहे आणि अख्ख्या डब्याला त्याहून जास्त. सुटं कार्ड घेताना चारही बाजूंची तुटक रेघ दिसते का ते पाहा. रेघेच्या आत कात्री गेली असेल तर प्रमाणन करणाऱ्या संस्था कार्ड खरं असल्याचं सांगतात, पण अंकांत दर्जा सहसा देत नाहीत. १९७९ च्या संचात ओझी स्मिथ हा गाजलेला खेळाडू आहे. ते कार्ड घेताना तरी ही कसोटी सोडू नका.

डागांचं म्हणाल, तर आधी कार्ड उलटून बघा. पाठीवर वर आणि खाली मधोमध काळ्या पट्ट्या असतील, तर ते डब्यावरचं कार्ड नव्हे, होस्टेसच्याच ट्विंकी या छोट्या केकच्या सुट्या पाकिटातलं आहे. १९७५ आणि १९७६ मध्ये संचातली ६०-६० कार्डं तशी निघाली; १९७६ ची पहिली ६०, तर १९७५ ची ३६ पर्यंत सलग आणि पुढची मधले क्रमांक गाळून. ती केकला चिकटून असत, त्यामुळे त्यांच्यावरचा तुपकट डाग हा त्यांच्या जन्मखुणेसारखा आहे. चरबी कागदाच्या धाग्यांमध्ये शिरून तिथली हवा हटवते, म्हणून तो भाग पारदर्शक दिसतो. पाण्याने हे निघत नाही. पेट्रोलसारख्या द्रावकाने डाग फिका होतो, पण पसरून त्याला कडं पडतं, शाईची चमक उडते आणि प्रमाणन करणाऱ्याला वास व कडं दोन्ही कळतं. डाग राहू द्या. फक्त ते कार्ड स्वतंत्र पाकिटात ठेवा, नाहीतर शेजारच्या कार्डावर चरबी उतरेल.

पावाची लेबलं आणि १९२० च्या आधीची काही कार्डं एका वहीत चिकटवलेली आहेत. सोडवता येतील का?

काही येतील, काही येणार नाहीत. सगळं गोंदावर आणि शाईवर अवलंबून आहे. कणकेची किंवा पिठाची खळ असेल तर पाण्यात फुगून सुटते. रबरी सोल्युशन पाण्याला दाद देत नाही. ते पिवळट-तपकिरी डागावरून ओळखू येतं. तिथे पाणी लावून फायदा नाही. होस्टेससारखी चकचकीत लेप दिलेली कार्डंही भिजवायची नाहीत. लेप चिकट होतो आणि टीपकागदावरच राहतो.

आधी शाई तपासा. कापसाच्या काडीचं टोक ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात बुडवून झटका आणि कोपऱ्यातल्या प्रत्येक रंगावर दहा सेकंद अलगद गोल फिरवा. कापसाला रंग लागला की तिथेच थांबा. लाल रंग आणि रबरी शिक्क्याची जांभळी शाई बहुधा दगा देतात. शाईपेनने कोणी नाव लिहिलं असेल तरीही थांबा.

रंग टिकला तर वहीचं पान कार्डाभोवती एक सेंटिमीटर सोडून कापा. उथळ काचेच्या ताटात दोन बोटं ऊर्ध्वपातित पाणी, खोलीच्या तापमानाचं, आणि कार्ड पूर्ण बुडेल असं ठेवा. पान काळं असेल तर त्याचा रंग सुटतो. पाणी चहासारखं दिसू लागताच बदला. अर्ध्या तासाने पानाचा कोपरा उचलून बघा. सुटत असेल तर कार्ड ताटाच्या तळाशी बोटाने धरून पान बाजूला सरकवा; कार्ड ओढू नका. सुटत नसेल तर आणखी अर्धा तास. बहुतेक कार्डं इथेच फाटतात, कारण शेवटचा एक ठिपका चिकटलेला असताना घाई होते, आणि ओल्या पुठ्ठ्याचे थर एकमेकांपासून सहज सुटतात. पाठीवर उरलेली बुळबुळीत खळ पाण्याखालीच बोटाने हलके पुसा. ती राहिली तर वाळल्यावर कार्ड वाकतं आणि पुढे कसर-झुरळांना खाद्य होतं.

वाळवताना दोन पांढऱ्या टीपकागदांमध्ये ठेवून वर दोन-तीन किलोचं सपाट वजन ठेवा. टीपकागद पंधरा मिनिटांनी, मग तासाभराने, मग दुसऱ्या दिवशी सकाळी बदला. एकूण तीन दिवस धरा. उन्हात किंवा केस वाळवायच्या यंत्राने वाळवलं तर एक बाजू आधी आकसते आणि कार्ड पन्हाळीसारखं वळतं.

पहिला प्रयोग फाटक्या, सामान्य खेळाडूच्या कार्डावर करा. आणि विकताना ‘पाण्यात भिजवून सोडवलं’ असं स्पष्ट लिहा. नुसतं पाणी बहुतेक संग्राहकांना चालतं, लपवाछपवी चालत नाही. ज्या वहीत संपूर्ण संच नीट लावलेला आहे आणि वही पाव कंपनीनेच दिलेली आहे, तिला मात्र हात लावू नका. ती तशीच जास्त मोलाची आहे.

मदर्स कुकीज या बिस्किट कंपनीची गोल कोपऱ्यांची कार्डं मिळाली. जुनी की अलीकडची?

संघाचं नाव वाचा. १९५२ ची ६४ आणि १९५३ ची ६३ कार्डं पॅसिफिक कोस्ट लीग या पश्चिम किनाऱ्यावरच्या दुय्यम स्पर्धेतल्या खेळाडूंची आहेत. पुढे अभिनेता म्हणून गाजलेला चक कॉनर्स १९५२ च्या संचात लॉस एंजेलिस एंजल्सच्या वेशात आहे. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स दिसले तर ती १९८३ पासूनची, मैदानावर प्रेक्षकांना वाटलेली. कोपरे गोल दोन्हींचे. जुन्यांत एखादा झिजका कोपरा कोणी घासून पुन्हा गोल केलेला असू शकतो, म्हणून चारही कोपरे खात्रीच्या कार्डावर ठेवून जुळवा आणि लांबी मोजा. ती साडेतीन इंचांपेक्षा स्पष्ट कमी भरली तर घेऊ नका.