थायलंडमध्ये पर्यटकांसाठीचं नव्हे, तिथल्या लोकांचं खरं जेवण कुठे आणि कसं मिळेल?

दारात फोटोंचं मेनूकार्ड घेऊन माणूस उभा असतो, तिथे नाही मिळणार. प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण यावरून आमच्या घरात २०१८ पासून वाद चालू आहे.

त्या साली आम्ही ग्रुप टूरने गेलो होतो. पट्टाया, बँकॉक आणि रोज रात्री पनीर, डाळ, जिरा राइस. एकदाच काय ते 'थाई डिनर' होतं, त्यातली हिरवी करी खिरीसारखी गोड. आमचे भाऊजी, म्हणजे धाकटे दीर, तिथल्या तिथे म्हणाले, "साखर आणि नारळाचं दूध, संपलं थाई जेवण." तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कार्यात हे वाक्य ऐकते आहे.

शेवटच्या दिवशी सगळे खरेदीला गेले. मी आणि नवरा बँकॉकमधल्या ता चांगच्या धक्क्यावरून होडीने नदीपलीकडे वांग लांगला गेलो. सिरिराज हॉस्पिटलला लागूनच हा बाजार आहे, दुपारी नर्सेस आणि कॉलेजची मुलं जेवायला येतात. एका गल्लीत 'खाव गेंग'चं दुकान दिसलं. खाव म्हणजे भात, गेंग म्हणजे कालवण. दहा-बारा ट्रे मांडलेले, आपण बोट दाखवायचं. मी एका पिवळ्याधमक पातळ कालवणाकडे दाखवलं, त्यात मासा आणि बांबूचे कोंब होते. वाढणाऱ्या बाईचा डाव हातातच थांबला. तोंडासमोर हात हलवत ती म्हणाली, "फेट! फेट!" म्हणजे तिखट. मी मान डोलावली. मग तिने भातावर कालवण ओतलं आणि न मागता काकडी, चवळीच्या शेंगा आणि कोवळ्या पाल्याची ताटली पुढे ठेवली.

नारळाचा थेंब नाही, गोडाचं नाव नाही. पहिल्या घासाला कपाळावर घाम आला. पण आंबटपणा ओळखीचा लागला, म्हणून चमच्याने ढवळून पाहिलं तर तळाशी एक काळपट, सुकवलेली फोड. चोखून पाहिली. चिंच नव्हे, अगदी आमसुलाच्या जातीची चव! मी मालवणची, मला आमसूल कुणी शिकवायला नको. नंतर कळलं की त्याला 'सोम खेक' म्हणतात, कोकमाच्याच कुळातलं झाड, आणि दक्षिण थायलंडचे लोक ते 'गेंग सोम'मध्ये, म्हणजे अशा आंबट कालवणात, घालतात. वाटणात 'कापी', म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, तिचा वास आजी पावसाळ्यात सुक्या जवळ्याचा डबा उघडायची तसा. मी दोनदा भात घेतला.

तेव्हा भाऊजी, थाई जेवण म्हणजे साखर नव्हे. आपण फोटो बघून मागवतो, म्हणून आपल्याला तसं वाढतात.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर खाव गेंग शोधा आणि बाराच्या आत पोचा, दोननंतर ट्रे रिकामे होतात. हॉस्पिटल, कॉलेज, सरकारी ऑफिस यांच्या आसपास हमखास सापडेल. 'एकच खरं थाई जेवण' मात्र शोधू नका. उत्तरेकडे चिआंग माईला खाव सोई, म्हणजे करीतल्या नूडल्स खा, वर कुरकुरीत शेवया आणि बाजूला खारवलेली मोहरीची पानं असतात. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईचं सॅलड, ईशान्येकडचं, त्याच्याबरोबर चिकट भात हाताने खायचा. पॅड थाईला, म्हणजे परतलेल्या नूडल्सना, लोक उगाच नावं ठेवतात. त्याचा प्रसार तेव्हाचे पंतप्रधान फिबुनसोंगख्राम यांच्या सरकारने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास केला, म्हणजे ते फार जुनं नाही एवढंच. गाडीवरचं चांगलं लागतं, जरूर खा.

एक कबूल करते, बँकॉककडच्या बऱ्याच पदार्थांत साखर पडतेच. तेवढ्यापुरतं भाऊजींचं बरोबर.

शाकाहारी असाल तर हे सगळं अवघड आहे, भाजीतसुद्धा फिश सॉस असतो. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत 'जे' (เจ), म्हणजे शाकाहारी, असं लिहिलेली दुकानं शोधा, तिथे कांदा-लसूणही नसतो. आणि कोळंबीची ॲलर्जी असेल तर ट्रेमधल्या कालवणांना हातच लावू नका. कापी वाटणातच असते, ती वेचून काढता येत नाही.