ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो, मायक्रोवेव्ह फिरतो पण गरम करत नाही: काय बदलावं?

तुम्ही लिहिलंय की गाडीचा ब्लोअर एक-दोन-तीनवर बंद आणि चारवर जोरात चालतो, गॅरेजवाला मोटर बदला म्हणतोय. घरी मायक्रोवेव्हचा दिवा लागतो, ताट फिरतं, पण भाजी थंडच राहते. मी जळगावात घरगुती उपकरणं दुरुस्त करतो आणि दुकानाला लागूनच ऑटो इलेक्ट्रिकचं काम चालतं, त्यामुळे या दोन्ही तक्रारी माझ्या रोजच्या ओळखीच्या.

दादा, मोटर अजिबात बदलू नका. चारवर पंखा जोरात फिरतोय म्हणजे मोटर जिवंत आहे. चौथ्या नंबरवर तिला बॅटरीचा पूर्ण सप्लाय थेट मिळतो, खालच्या तिन्ही नंबरांवर तो रेझिस्टरमधून, म्हणजे करंट कमी करणाऱ्या छोट्या पार्टमधून येतो. त्या रेझिस्टरवरचा थर्मल फ्यूज (फार तापलं की तुटणारा) उडाला की तिन्ही स्पीड एकदम जातात. बहुतेक गाड्यांत हा पार्ट ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली, ब्लोअरच्या हवेच्या वाटेतच बसवलेला असतो. मोटरच्या मानाने तो फार स्वस्त पडतो. (गाडीत ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असेल तर मात्र तिथे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, मग हे लागू नाही.)

पण नुसता रेझिस्टर टाकून गाडी ताब्यात घेऊ नका. तो हवेच्या वाटेत ठेवलाय तो वाऱ्याने थंड राहावा म्हणून. आपल्याकडची धूळ, कापसाच्या हंगामात जिनिंगजवळ उडणारे तंतू, शेताच्या बांधावर तासन्‌तास उभी गाडी, यांनी केबिन फिल्टर (गाडीत येणारी हवा गाळणारा) लवकर चोंदतो. हवा कमी झाली की रेझिस्टर तापतो आणि नवासुद्धा जळतो. हीटरला आणि एसीला पंखा एकच, त्यामुळे मे महिन्यात 44-45 अंशांत तो दिवसभर राबतो. फिल्टर काढून उजेडात धरा, आरपार उजेड दिसत नसेल तर बदला. मग रेझिस्टरचा सॉकेट बघा. एखादी पिन तपकिरी पडली असेल, प्लास्टिक मऊ होऊन सरकलं असेल तर सॉकेटही नवा घ्या. शेवटी पंखा हाताने फिरवून पाहा. अडखळत, जड फिरत असेल तर मोटर जास्त करंट ओढतेय, आणि तेव्हाच मोटरचा विचार करा. कुठलाच स्पीड चालत नसता तर क्रम वेगळा असता: फ्यूज, रिले, अर्थची वायर, मग मोटरचे कार्बन ब्रश.

आता मायक्रोवेव्ह. आधी मोड बघा, ग्रिल किंवा कन्व्हेक्शनवर तर राहिला नाही ना. मग व्होल्टेज. उन्हाळ्यात संध्याकाळी लाइन खाली गेली की ताट फिरतं, दिवा लागतो, पण ताकद निम्म्यावर येते. सकाळी लाइन चांगली असताना काचेच्या भांड्यात एक लिटर पाणी फुल पॉवरवर एक मिनिट ठेवा. पाणी 10 अंशांनी तापलं तर साधारण 700 वॅट मिळतायत, म्हणजे मशीन ठीक आहे. थर्मामीटर नसेल तर पेलाभर पाणी दोन मिनिटं ठेवा, ते उकळीला यायला हवं.

पाणी जराही तापलं नाही तर दोष आत आहे: हाय व्होल्टेज डायोड, कपॅसिटर, आतला फ्यूज, दाराचा एखादा स्विच किंवा मॅग्नेट्रॉन (गरम करणाऱ्या लहरी तयार करणारा पार्ट). घरर असा नेहमीपेक्षा जड आवाज येत असेल तर डायोड किंवा कपॅसिटर शॉर्ट असण्याची शक्यता जास्त. इथे मात्र हात जोडून सांगतो, कव्हर स्वतः उघडू नका. ट्रान्सफॉर्मर 2000 व्होल्टच्या आसपास देतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. तो झटका जीव घेऊ शकतो. आम्हीसुद्धा कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय आत बोट घालत नाही.

आत ठिणग्या दिसत असतील तर ती वेगळी गोष्ट, आणि सोपी. आतल्या बाजूच्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा अभ्रकाचा पत्रा असतो. शेवभाजीची तर्री न झाकता गरम केली की शिंतोडे त्यावर बसतात, जळून काळे होतात आणि तिथूनच ठिणगी उडते. काळा पडलेला पत्रा पुसून वापरू नका, त्याच मापाचा नवा कापून बसवून घ्या.

मेकॅनिक आला की त्याला फ्यूज, दाराचे स्विच आणि डायोड मीटरवर तुमच्यासमोर तपासायला सांगा, मॅग्नेट्रॉनचा भाव त्यानंतर विचारा. दार वाकलेलं किंवा नीट बसत नसेल तर दुरुस्त होईपर्यंत मशीन सुरूच करू नका.