वाचकांचे प्रश्न : पोर्ट आर्थरचा बन बी

प्रश्न : अमेरिकी रॅप म्हटले की न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस हीच नावे पुढे येतात. टेक्सासचा बन बी मात्र वर्षानुवर्षे ‘अंडरग्राउंड’, म्हणजे प्रसिद्धीच्या झोतापासून दूर, राहून मुख्य प्रवाहात पोहोचला, असे वाचले. त्यासाठी त्याला आपली शैली बदलावी लागली का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही, आणि या प्रवासाचे मोल मला त्यातच दिसते. बन बी (बर्नार्ड फ्रीमन) आणि त्याचा जोडीदार पिम्प सी (चॅड बटलर) हे टेक्सासच्या पूर्व टोकाला असलेल्या, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या पोर्ट आर्थर या गावचे. जोडीचे नावच ‘अंडरग्राउंड किंग्ज’, म्हणजे ‘यूजीके’. १९९२ साली ह्यूस्टनच्या एका छोट्या कंपनीने त्यांची पहिली कॅसेट काढली आणि त्याच वर्षी जाइव्ह या मोठ्या कंपनीने त्यांना करारबद्ध केले.

करार झाला तरी देशभर नाव झाले नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या रॅपला त्या काळी न्यूयॉर्कमध्ये फारशी किंमत नव्हती. १९९५ मध्ये ‘सोर्स’ या रॅपविषयक मासिकाच्या पुरस्कार सोहळ्यात दक्षिणेतल्याच अटलांटा शहराच्या आउटकास्ट या रॅप जोडीला पारितोषिक मिळाले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली होती. अशा वातावरणात यूजीकेचा ‘रायडिन डर्टी’ (१९९६) हा अल्बम एकही व्हिडिओ न काढता पाच लाखांहून अधिक खपला, तो दक्षिणेतल्या श्रोत्यांच्या बळावर. गाडीत मोठ्या आवाजात ऐकावे असे हे संगीत आहे : पिम्प सीच्या रचनांत चर्चमधला ऑर्गन आणि ब्लूजची गिटार, तर त्यावर बन बीचा जड, ठाम आवाज आणि एकमेकांत घट्ट गुंफलेली यमके.

२००० साली न्यूयॉर्कचा प्रसिद्ध रॅपर जे-झी याच्या ‘बिग पिम्पिन’ या गाण्यामुळे हे दोघे देशभर पोहोचले, पण २००२ मध्ये पिम्प सीला तुरुंगात जावे लागले. बन बीची खरी उंची मला या काळात दिसते. जोडी मोडली असे न मानता तो इतरांच्या असंख्य गाण्यांत पाहुणा म्हणून गायला, जागोजागी मित्राच्या सुटकेची हाक देत राहिला आणि २००५ मध्ये ‘ट्रिल’ हा स्वतंत्र अल्बमही त्याने काढला. ज्यांनी यूजीकेची कॅसेट कधी पाहिलीही नव्हती, अशा तरुण श्रोत्यांपर्यंत हे नाव जिवंत राहिले ते त्याच्या या कष्टांमुळे. त्याच वर्षाच्या अखेरीस पिम्प सी सुटला. ऑगस्ट २००७ मध्ये जोडीच्याच नावाचा दुहेरी अल्बम आला आणि थेट बिलबोर्ड या अमेरिकी संगीत मासिकाच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. डिसेंबरमध्ये मात्र वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी पिम्प सीचे निधन झाले.

बन बी पुढेही गात राहिला, आणि २०११ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात धर्म व हिपहॉप (रॅप जिचा भाग आहे ती संस्कृती) या विषयाचा अभ्यासक्रम त्याने प्राध्यापक अँथनी पिन यांच्यासह शिकवला. आपण ‘रायडिन डर्टी’ आधी आणि २००७ चा अल्बम नंतर ऐकावा. अकरा वर्षांच्या अंतरानेही गावची बोली आणि संथ लय तीच असल्याचे आपल्याला जाणवेल.