काय बिघडते, असं तू विचारलंस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा दर्यापूरच्या बसस्टँडवर, एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून तू विचारलंस, "सर, तेरा पॉइंट नऊच्या जागी तेरा पॉइंट चार लिहिलं तर बिघडते काय? त्या पोरीले हुरूपच येईन ना!" शंभर मीटरच्या निकालातली त्या पोरीची वेळ, सेकंदांत. मी काही बोललो नाही. कंडक्टरने घंटी मारली, तू चढलीस. तुला वाटलं असेल म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. चार दिवस झाले, तेच ऐकू येतंय.

ज्या सरांनी तुला तसं सुचवलं ते वाईट माणूस नाहीत. पदरचं पेट्रोल टाकून पोरींना जिल्ह्याला नेतात. बदमाशाने सांगितलं असतं तर तू तिथंच उडवून लावलं असतंस, आणि मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. गोची चांगली माणसं करतात.

तू तालुक्याच्या स्पर्धांचे हे निकाल का लिहावेत, गावोगावच्या मोबाइल ग्रुपवर का टाकावेत, वाचतं कोण, यावर मी एक ओळही लिहिणार नाही. ज्याला तो प्रश्न पडतो त्याने घरी बसावं. तुला मी ओळखतो ते बास्केटबॉलच्या बाकावरून. बारावी खेळाडू. तीन वर्षं ट्रॅकसूट घालून बसलीस, एकूण खेळलीस किती मिनिटं ते तुलाच माहीत. एकदा टेबलावर माणूस नव्हता म्हणून तुलाच स्कोअरशीटवर बसवलं. तालुक्याला असंच चालतं. पहिल्या नि तिसऱ्या सत्राला लाल पेन, दुसऱ्या नि चौथ्याला निळा. बास्केट झाली की आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, तीनची बास्केट असेल तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल. मी मागे उभा होतो. शेवटचा मिनिट, सिमेंटच्या कोर्टवर धुरळा, शंभर पोरं ओरडतायत. तुझे सर म्हणाले आपले एकेचाळीस. तू म्हणालीस एकोणचाळीस. कागद पुढे केलास, पंचांनी बोट ठेवून रेघा मोजल्या. एकोणचाळीस. तुझीच शाळा एका गुणाने हरली. बसमध्ये तुझ्याशी कोणी बोललं नाही म्हणे.

ती पोर आज मला विचारते, काय बिघडते! म्हणून राग आला. आता सांगतो काय बिघडते.

मला नोकरी लागून दुसरंच वर्ष होतं. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून बी.पी.एड. करून आलेलो. ही संस्था १९१४ची, आणि १९३६ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या लोकांनी जाऊन कबड्डी दाखवलेली. हे मी त्या काळात दिवसातून दोनदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवत असे. छाती तेवढी फुगलेली. तालुक्याच्या मैदानी स्पर्धा आमच्याकडे आल्या नि मैदान आखायचं काम माझ्याकडे. आपली काळी माती तुला सांगायला नको. रात्री पाऊस झाला की बुटाला शेर-शेर चिकटते, नि दोन दिवस ऊन लागलं की भेगा पडतात. पहाटे पाचला मी नि शिपाई फक्कीची टोपली घेऊन उतरलो. स्टोअरमधून टेप काढली, ५० मीटरची, कापडी. टोक रेघेवर धरलं, शिपाई पन्नास दिसेपर्यंत चालत गेला, खुंटी मारली. तिथून पुन्हा एकदा. झाले शंभर मीटर. फक्की ओढली, चहा घेतला.

त्या रेघेवर एक पोरगा १०.८ पळाला. अनवाणी. घड्याळ माझ्याच हातात होतं. मी ओरडलोच. मैदानभर झालं, पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. रात्री मी बातमी लिहिली नि पेपरला पाठवली, ती छापून आली. बाप जिनिंगमध्ये हमाली करायचा. त्याने उधारीवर पेढे आणून अख्ख्या वर्गाला वाटले, मलाही दोन दिले. मी खाल्ले.

मग जिल्हा. अमरावतीचा चारशे मीटरचा ट्रॅक, नीट मोजलेला. पोरगा ११.६. हीटमध्ये चौथा. फायनलला नाहीच. परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकवून बसला होता. एकदाच बोलला, "पाय जड झाले सर, काय झालं काही समजत नाही." मी त्याला सांगितलं की मोठ्या मैदानावर दडपण येतं, मन घट्ट करावं लागतं. मन! मी त्याला मनावर भाषण दिलं. दुसऱ्या आठवड्यापासून तो सरावाला आला नाही.

पुढच्या वर्षी लांब उडीचा खड्डा करताना तीच टेप उलगडली, तेव्हा सहज टोकाकडे नजर गेली. पहिला आकडा ३. सुरुवातीचे तीन मीटर टेपला नव्हतेच. उंदरांनी खाल्ले की कोणी मंडप बांधायला कापून नेले, देव जाणे. दोनदा लावली म्हणजे सहा मीटर गेले. तो पोरगा ९४ मीटर पळाला होता. हिशेब कर: ९४ला १०.८ म्हणजे शंभरला साडेअकराच्या आसपास. जिल्ह्याला तो ११.६ पळाला. म्हणजे तो ढिला पडलाच नव्हता. जेवढा होता तेवढाच पळाला. त्याच्या पायात काही जड नव्हतं. जे होतं ते माझ्या टेपमध्ये.

मी त्याला सांगायला गेलो नाही. नोकरी कायम व्हायची होती. मग कायम झाली. मग वाटलं, आता काय सांगायचं.

तेव्हा पोरी, जे मोजलं तेच लिही. आणि मोजायच्या आधी टेपचं टोक बघ.

तुझ्या त्या धावणारीचंच घे. सतरा वर्षांखालच्या गटात आहे, अजून दोन वर्षं हातात आहेत. समज, तू १३.४ लिहिलंस. ती जिल्ह्याला गेली, जीव तोडून १३.७ पळाली. खरं म्हणजे ती सुधारली, एका महिन्यात दोन दशांश, गंमत नाही! पण तिच्या हिशेबी ती बिघडली. तू तिला हुरूप दिलास की तिच्या पायाखालची पायरी काढून घेतलीस? आणि ही तालुक्याचीच गोष्ट नाही. जिल्ह्यातून विभागाला अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळच्या पोरी येतात, तिथून पुढे राज्य. प्रत्येक पायरीवर कोणीतरी आपली खरी वेळ घेऊन उभी असते. आपलीच पोर तेवढी खोटी वेळ घेऊन जाते.

बरं, ते १३.९ तरी कसं आलं? तुझ्याकडे दोन घड्याळं होती म्हणालीस. दोन असली तर जास्त वेळ दाखवणारं धरायचं. तीन असली तर मधलं. घड्याळात १३.८२ दिसलं तर हाताच्या वेळेत ते १३.९ होतं, १३.८ नाही, वरच जायचं, खाली नाही. आणि घड्याळ कशावर सुरू केलंस? आवाजावर केलं असेल तर मेहनत पाण्यात. क्लॅपरचा, म्हणजे शर्यत सोडायच्या त्या दोन फळ्यांचा, आवाज शंभर मीटर यायला सेकंदाचे तीन दशांश घेतो, तेवढी वेळ तू फुकटात वाटलीस. आवाज ऐकायचा नाही, स्टार्टरचे हात बघायचे. फळ्या एकमेकींना भिडल्या की बटण. हे मी तुला गेल्या वर्षी सांगितलं होतं, नि तू "हो सर" म्हणाली होतीस, मोबाइलमध्ये बघत.

आणि आकड्यापुढे लिही: हाताची वेळ. १९६०ला रोममध्ये मिल्खासिंगांची चारशे मीटरची वेळ हाताच्या घड्याळावर ४५.६, नि यंत्रावर ४५.७३. एकच माणूस, एकच शर्यत. कोणती वेळ कशी मोजली हे लिहून ठेवलेलं म्हणून आज घोळ होत नाही. ते चौथे आले होते. १९८४ला लॉस एंजेलिसला पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांत चौथी, ५५.४२, तिसरीची ५५.४१. एक शतांश! चौथीची वेळ कोणी लिहिलीच नसती तर आपण नुसतं म्हणत बसलो असतो, थोडक्यात हुकलं गं बाई. थोडक्यात म्हणजे किती, हे कळलं ते मोजलं म्हणून. तुझ्या निकालात चौथी कुठाय? पहिल्या तिघी असतात, त्यातही एकीचं नुसतं कु. आणि आडनाव. मात्र उद्घाटनाच्या बातमीत पाहुणे नऊ, पदांसकट. ती नावं कोणी ना कोणी लिहीलच, तू कशाला हात दुखवतेस?

लोक म्हणतात मी खडूस. म्हणू दे. एकदा तालुक्याच्या चार गुणिले शंभर रिलेत मी बॅटन-बदलाच्या जागेवर पंच होतो. तेव्हा ती जागा २० मीटरची असायची, आता ३० झाली. आमच्याच शाळेच्या पोरी पहिल्या. पण तिसरीने चौथीला बॅटन दिला तो रेघेबाहेर, वीतभर. पोरींचे पाय कुठे होते याला अर्थ नाही, बॅटन कुठे होता ते बघायचं. मी पिवळा झेंडा वर केला, म्हणजे संघ बाद. चारही पोरी माझ्यासमोर रडल्या. हेडमास्तर चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. घरी ही म्हणाली, "तुमची ती वीत घेऊन बसा आता, पोरगी जेवली नाही सकाळपासून." त्या चौघींत आमची पोरगी होती. आजही सांगतो, झेंडा बरोबर होता. बॅटन बाहेर होता. शंभरदा विचार, शंभरदा बाहेर.

लिहिता लिहिता लक्षात येतंय, मी हे तुला का सांगतोय. वीतभरासाठी स्वतःच्या पोरीला बाद करणारा मास्तर मीच, नि सहा मीटर पोटात घालून गप्प बसणाराही मीच. झेंड्याची गोष्ट मी गावभर सांगत फिरलो. टेपची आज पहिल्यांदा लिहितोय. एकीची भरपाई दुसरीने होईल असं वाटत असावं. होत नाही.

आणखी एक. तुझे ते सर म्हणतील, अहो ग्रुपवरची वेळ, ती काय सरकारी कागद आहे? नाही. पण दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. कागदाला किंमत आली की खोटा कागदही येतो. पडताळणीत पकडलेले तूही वाचले असशील. त्यातला कोणीही पहिल्या दिवशी खोटं प्रमाणपत्र करायला बसलेला नसतो. आधी कोणीतरी हुरूप म्हणून पाच दशांश काढून दिलेले असतात. ते लिहिणारं कोण, याची कुठे नोंद राहत नाही, एवढंच.

आता तो पोरगा. पोरगा कसला, केसं पिकली. बसस्टँडच्या बाहेर निंबाखाली त्याचा पानठेला आहे. तूही तिथून चॉकलेट घेतली असतील. गिऱ्हाईक नसलं की नव्या पोरांना सांगतो, "मी तालुक्याले दहा पॉइंट आठ पयालो होतो, इचारा सरले." आणि मी तिथे असलो तर मान हलवतो. इतकी वर्षं हलवतोय. तू म्हणशील, मग ह्याला तर त्या आकड्याने जन्मभर पुरेल एवढा हुरूप दिला! मलाही वाटलं होतं. पण तो नेहमी त्याच्यापुढे एक वाक्य जोडतो: "जिल्ह्याले माहीत नाही काय झालं मले." ते वाक्य मी दिलेलं आहे. साडेअकराचा पोरगा होता तो, त्या वयात, अनवाणी, काळ्या मातीत. नीट सांगितलं असतं तर साडेअकराच्या खाली यायला त्याला दोन हंगाम होते.

सोयाबीनची सोंगणी आटोपली की जिल्ह्याच्या मैदानी स्पर्धा असतील. जाशील तेव्हा तिचं तेच १३.९ लिहून ने. तिला आधीच सांग, सगळ्यांसमोर नाही, एकटीला. पहिल्यांदा तोंड पाडेल. पाडू दे.

टेप तुझ्यासाठी ठेवली आहे. नवी घेऊन देता आली असती, दुकानात फायबरची चांगली मिळते, पण तुला हीच देतो. इतकी वर्षं कपाटात होती. ३ पासून सुरू होते, तेव्हा टोक धरू नकोस. १० वर अंगठा ठेव नि शेवटी १० वजा कर. पिशवीत दोन पेनही आहेत, लाल नि निळा.

पिशवी त्याच पानठेल्यावर आहे, आज सकाळी ठेवून आलो. "काय हाय सर याच्यात?" म्हणून त्याने बाहेर काढून पाहिली. मी म्हटलं, टेप आहे. त्याने टोक हातात धरलं, आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

तू त्याला काही सांगू नकोस. उद्या सकाळी मी जाणार आहे.

तुझा,
सर