नल पॉइंटर शोधू नकोस, कर्नलची वरची हद्द बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बत्तीस-बिट एक्स८६ वर स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लिहितोयस. सगळे ठेवतात म्हणून कर्नल ३ जीबीच्या पत्त्यावर बसवलास. क्यूएमूला, म्हणजे आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, ५१२ एमबी रॅम दिली की सगळं सुरळीत चालतं, २ जीबी दिली की बूट होतानाच पेज फॉल्ट (मॅप नसलेल्या पत्त्याला हात लागल्याची प्रोसेसरची तक्रार), आणि तो पत्ता ज्यात नोंदवला जातो त्या सीआर-टू रजिस्टरमध्ये शून्य. नल पॉइंटर, म्हणजे शून्य पत्ता धरलेला पॉइंटर, काही सापडत नाही. मग यूझरची आणि कर्नलची हद्द नेमकी किती ठेवावी, असं विचारलंयस.

नल पॉइंटर सापडणार नाही, कारण तो नाहीच. तुझा कोड पाहिला. बूट होताना प्रत्येक मोकळी फ्रेम (रॅमचा ४ केबीचा तुकडा) तू डायरेक्ट मॅपमधून शून्याने पुसतोस, म्हणजे फिजिकल पत्त्यात ३ जीबी मिळवून तिथे लिहितोस. आता पुसता पुसता फिजिकल १०२४ एमबीवर ये. १०२४ अधिक ३०७२ बरोबर ४०९६ एमबी. बत्तीस बिटांत ४०९६ एमबी मावतच नाही, पत्ता गुंडाळून शून्य होतो. सीआर-टूमध्ये दिसतंय ते हेच शून्य. तुझं पेज टेबल (कुठला पत्ता कुठल्या फ्रेमवर जातो याचा तक्ता) भरणारं लूप १०२३ व्या नोंदीला थांबतं, ते बरोबर आहे. पुसणारं लूप मात्र थांबत नाही. आणि खालचं आयडेंटिटी मॅपिंग (जो पत्ता, तीच फिजिकल जागा) तू आधीच काढून टाकलंस, म्हणून निदान फॉल्ट तरी आला. ते राहिलं असतं तर ही शून्यं गुपचूप रॅमच्या तळाशी, १ एमबीला लोड झालेल्या तुझ्याच कर्नलवर लिहिली गेली असती, आणि मशीन भलत्याच ठिकाणी मेलं असतं.

तेव्हा खरा प्रश्न असा की तू कर्नलची खालची हद्द ठरवलीस, वरची ठरवलीच नाहीस. वर उरलेली १ जीबी म्हणजे पेज टेबलांची यादी असलेल्या पेज डिरेक्टरीच्या ७६८ ते १०२३ या २५६ नोंदी, प्रत्येकी ४ एमबी. एवढ्यात सगळी रॅम, डिव्हाइसेसची रजिस्टर्स, कर्नल थ्रेड्सचे स्टॅक आणि पेज टेबलं बसवायची आहेत. रॅम ५१२ एमबी असेपर्यंत ते आपोआप बसतं, म्हणून हद्द नसल्याचं जाणवत नाही. बत्तीस-बिट लिनक्स याच अडचणीतून गेलं. तिथे ३-१ च्या (यूझरला ३ जीबी, कर्नलला १) वाटणीत डायरेक्ट मॅप ८९६ एमबीवर थांबतो, वरचे १२८ एमबी व्हीमॅलॉक (सुट्या फ्रेम सलग पत्त्यांवर देणारी सोय) आणि तात्पुरत्या मॅपिंगसाठी राखून ठेवतात. ८९६ च्या पुढची रॅम म्हणजे हायमेम: तिला कायमचा पत्ता नाही, गरज पडली की खिडकीत आणायची, काम झालं की सोडायची.

३ जीबीवरच राहायचं असेल तर तुझ्यासाठी मी अशी वाटणी करेन. ३०७२ ते ३८४० एमबी डायरेक्ट मॅप, म्हणजे नोंदी ७६८ ते ९५९, एकूण ७६८ एमबी. ३८४० पासून पुढचे २४८ एमबी कर्नलच्या गरजेप्रमाणे होणाऱ्या मॅपिंगला. एपिकची (इंटरप्ट हाताळणाऱ्या भागाची) रजिस्टर्स फिजिकल ४ जीबीच्या शेंड्याजवळ असतात, ती इथेच आणून बसव. नोंद १०२२ चे ४ एमबी पत्ता आधीच ठरलेल्या मॅपिंगना. आणि १०२३ वी नोंद डिरेक्टरीकडेच परत वळवलीस की सगळी पेज टेबलं शेवटच्या ४ एमबीत आपोआप दिसतात. हे आकडे म्हणजे काही शिलालेख नव्हे, पण ते सगळे ४ एमबीच्या पटीत आहेत हे महत्त्वाचं. हद्द नोंदीच्या मधोमध आली, तर एकाच पेज टेबलात यूझर आणि कर्नल शेजारी येतात, आणि प्रोसेस बदलताना कोणती टेबलं सामायिक ठेवायची याचा घोळ सुरू होतो.

७६८ एमबीच्या वरची रॅम सध्या सरळ सोडून दे, मेमरी वाटणाऱ्या अ‍ॅलोकेटरला ती दाखवूच नकोस. हायमेम नंतर कर. बूटला एक ओळ छाप की इतकी रॅम सापडली आणि इतकी वापरतोय, म्हणजे मागाहून कोड वाचणाराही फसणार नाही.

३ जीबीच का, असंही विचारलं होतंस. पवित्र असं त्यात काही नाही. जुन्या व्हॅक्स मशीनमध्ये खालचे २ जीबी यूझरचे, सिस्टीम त्याच्या वर. मिप्स प्रोसेसरमध्ये तर ही रेषा हार्डवेअरनेच २ जीबीवर आखून दिलेली आहे. बत्तीस-बिट विंडोजही मुळात २-२. मोठ्या प्रोग्रॅमना जास्त जागा हवी म्हणून लिनक्सने ३-१ निवडलं. तुझे यूझर प्रोग्रॅम इवलेसे आहेत, २-२ ठेवलंस तर डायरेक्ट मॅप ऐसपैस होईल. मी असतो तर तेच केलं असतं. आणि एक लक्षात ठेव, ही हद्द पत्त्यांची आहे, रॅमची नव्हे. १२८ एमबी रॅमच्या मशीनवरही यूझरला ३ जीबी पत्ते देता येतात.

आता यूझरची बाजू. खाली शून्यापासून निदान ६४ केबी कधीच मॅप होऊ देऊ नकोस. नल पॉइंटर पकडला जावा हे एक कारण, पण त्याहून मोठं दुसरं: यूझरने शून्यावर स्वतःचं पेज मॅप केलं आणि कर्नलनेच चुकून नल पॉइंटर वापरला, तर कर्नल यूझरने मांडलेला डेटा खरा धरून चालतो. २००९ मध्ये लिनक्सवर याच वाटेने रूट (सर्वाधिकार) मिळवणारे हल्ले झाले, आणि ही किमान हद्द किती मोलाची आहे ते सगळ्यांना कळलं.

वर, रेषेला चिकटून एक पेज रिकामं सोड. चौसष्ट-बिटकडे गेलास की याचं महत्त्व कळेल. तिथे यूझरचे पत्ते १२८ टीबीपर्यंत. त्यातल्या अगदी शेवटच्या बाइट्समध्ये सिसकॉलची (यूझरमधून कर्नलला हाक मारणारी) इन्स्ट्रक्शन ठेवली, तर परतीचा पत्ता बरोबर १२८ टीबी येतो, जो कॅनॉनिकल, म्हणजे प्रोसेसरच्या लेखी वैध, नाही. इंटेलच्या प्रोसेसरवर सिसरेट (यूझरकडे परतायची इन्स्ट्रक्शन) अशा वेळी फॉल्ट देतं, पण कर्नलच्या अधिकारात असतानाच, आणि स्टॅक पॉइंटर मात्र यूझरचा. २०१२ मध्ये फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, झेन हायपरवायझर आणि विंडोज यांना एकाच वेळी हे बुजवावं लागलं. लिनक्सने २००६ मध्येच ते बुजवलं होतं. तिथे यूझरची हद्द १२८ टीबीला एक पेज कमी आहे, ती यामुळेच.

हद्द लिहिली म्हणजे पाळली असं होत नाही. इंदूरच्या रामबागेत रविवारी सकाळी आमच्याकडे इंजिनिअरिंगची मुलं लॅपटॉप घेऊन बसतात. त्यांतल्या एकीच्या कर्नलमध्ये राइट सिसकॉलची तपासणी अशी होती: पत्ता अधिक लांबी हद्दीपेक्षा कमी असेल तर पुढे जा. वाचायला निर्दोष. तिला म्हटलं, पत्ता ३०७१ एमबी दे आणि लांबी १२८० एमबी. बेरीज ४३५१, बत्तीस बिटांत उरले २५५ एमबी, तपासणी पास! आणि कर्नल रेषा ओलांडून स्वतःचीच मेमरी स्क्रीनवर छापायला लागला. बेरीज करायचीच नाही. आधी लांबी हद्दीपेक्षा मोठी नाही ना ते बघ, मग हद्दीतून लांबी वजा करून पत्ता त्याच्या आत आहे का ते बघ. वजाबाकी गुंडाळली जात नाही, कारण पहिली तपासणी आधी झालेली असते. तुझ्या रीड आणि राइट दोन्हींत तीच बेरीज आहे, आजच बदल.

इथल्या कॉलेजांत पेज रिप्लेसमेंटची गणितं भरपूर करून घेतात, पण पत्त्यांचा नकाशा काढायला कोणी लावत नाही, हे मला मनापासून खटकतं. तू भंवरकुआंच्या खोलीत बसून एकट्याने इथवर आलास, तर हा नकाशा एका हेडरमध्ये नीट मांड. बीएसडी घराण्यात प्रत्येक आर्किटेक्चरला त्यासाठी व्हीएमपॅराम नावाची हेडर फाइल असते. तुझ्याकडे ३ जीबीचा आकडा लिंकर स्क्रिप्टमध्ये वेगळा, असेंब्लीत वेगळा आणि सीमध्ये वेगळा लिहिलेला आहे. २-२ करायला गेलास की त्यातला एखादा हमखास राहून जाईल. लिंकर स्क्रिप्ट प्रीप्रोसेसरमधून काढ, म्हणजे तिलाही तोच हेडर मिळेल. असेंब्लरला आकड्यामागची यूएल ही शेपटी चालत नाही, तेव्हा ती फक्त सीसाठी लागेल असा मॅक्रो कर. वरच्या हद्दी नेहमी 'या पत्त्याच्या आधीपर्यंत' अशाच अर्थाने लिही. शेवटच्या प्रदेशाचा अंत तेवढा अडचणीचा, कारण तो ४ जीबी म्हणजे शून्य. तिथे सुरुवात आणि आकार लिही. आणि प्रत्येक हद्द ४ एमबीच्या पटीत आहे, एकमेकींवर चढत नाही, हे स्टॅटिक अ‍ॅसर्टने कंपाइलरकडूनच तपासून घे.

मग क्यूएमूला ७६७, ७६८, ७६९ एमबी, आणि नंतर १ व २ जीबी देऊन बूट कर. ७६९ ला फुटलं तर बायोसने दिलेला ई८२० चा मेमरी मॅप आणि फ्रेम अ‍ॅलोकेटरची सुरुवातीची फाइल इथे टाक, मी बघतो.